विमानविद्येचा उपासक

खानदेशात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपार कलू लागली, की तापलेल्या रानावर घारी घिरट्या घालताना दिसतात. पंखांची फडफड न करता त्या कितीतरी वेळ आकाशात तरंगत राहतात. वारा बदलला, की पंख किंचित वळवतात आणि पुन्हा पूर्ववत स्थिर होतात. तापीकाठचा गुराखी हे दृश्य पाहतो, शाळेतून घरी परतणारा मुलगाही पाहतो. परंतु पंख न हालविता हा पक्षी खाली कसा पडत नाही, हा प्रश्न पाहणाऱ्यांपैकी एखाद्याच्याच मनात उभा राहतो. आणि तो उभा राहिला, तरी त्याचे उत्तर शोधावे कोठे? जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारखी सार्वजनिक ग्रंथालये अशाच जिज्ञासूंसाठी असतात. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका सायकलविक्या तरुणाला हाच प्रश्न पडला. त्याने वाचनाची वाट धरली आणि त्या वाटेने तो प्रत्यक्ष आकाशात पोचला. त्या तरुणाचे नाव विल्बर राईट.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी इंडियाना राज्यातील मिलव्हिल या खेड्याजवळ झाला. त्याचे वडील मिल्टन राईट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढे ते बिशपच्या पदावर चढले. धर्मकार्यासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे. घरात श्रीमंती नव्हती, परंतु पुस्तके विपुल होती. धर्मग्रंथांचा एक संग्रह होता आणि इतर विषयांवरील पुस्तकांचा दुसरा. मुलांनी कोणतेही पुस्तक काढावे आणि वाचावे, त्यांना कोणी अडवीत नसे. आई सुसान हिचे वडील गाड्या बनविण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या कारखान्यात वावरल्यामुळे हत्यारे हाताळण्याची कला तिला बालपणीच अवगत झाली होती. घरातील लहानसहान वस्तू ती स्वतः तयार करी. वडिलांकडून वाचनाची गोडी आणि आईकडून हातांचे कौशल्य, असा दुहेरी वारसा या मुलांना मिळाला.

विल्बरचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. १८७८ साली एकदा वडील प्रवासाहून परतले, ते मुलांसाठी एक खेळणे घेऊन. बांबू, बूच आणि कागद यांचे ते लहानसे यंत्र होते. त्याला रबराचा पीळ दिला, की ते भिरभिरत छतापर्यंत जाई. ते मोडेपर्यंत दोघे भाऊ त्याच्याशी खेळले आणि मोडल्यावर तसेच दुसरे बनविण्याच्या खटपटीस लागले. आश्चर्य असे, की खेळण्याचा आकार जितका मोठा करावा, तितके ते उडण्यास नाखूष होई. असे का व्हावे, हे त्यांना तेव्हा कळले नाही. तथापि प्रश्नाचे बीज मनात पडले ते पडलेच.

विल्बर बुद्धिमान होता. त्याला येल येथील विख्यात महाविद्यालयात पाठवावे, असे घरात बोलले जात होते. परंतु अठरा वर्षांचा असताना, हिवाळ्यात बर्फावर खेळत असता, एका खेळाडूच्या हातातील काठी त्याच्या तोंडावर आदळली. पुढचे दात पडले. जखम भरली, पण प्रकृती ढासळली आणि उत्साहही मावळला. महाविद्यालयाचा बेत मागे पडला, तो कायमचाच. त्याच सुमारास आईला क्षयाने ग्रासले. विल्बरने तिच्या शुश्रूषेस स्वतःला वाहून घेतले. रोज सकाळी तो तिला उचलून माडीवरून खाली आणी आणि रात्री पुन्हा वर नेई. ४ जुलै १८८९ रोजी आईचे निधन होईपर्यंत हा क्रम चालू होता. या तीन वर्षांत जो मोकळा वेळ मिळे, तो त्याने वडिलांच्या पुस्तकांत घालविला. इतिहास, चरित्रे, विज्ञान, जे हाती येईल ते तो वाचीत गेला. महाविद्यालयाची पायरी तो कधी चढला नाही. घरातील ग्रंथसंग्रह हेच त्याचे महाविद्यालय झाले.

पुढे दोघा भावांनी ओहायो राज्यातील डेटन या आपल्या गावी छापखाना काढला. छपाईचे यंत्र त्यांनी स्वतःच जुळविले होते. १८८९ साली त्यांनी एक साप्ताहिक सुरू केले. ऑर्व्हिल त्याचा प्रकाशक आणि विल्बर संपादक. त्या काळी सायकलींचे नवे वेड सर्वत्र पसरले होते. तेव्हा १८९२ साली त्यांनी सायकलींचे दुकान थाटले आणि काही वर्षांनी ते स्वतःच्या सायकलीही तयार करू लागले. धंदा बेताचा, पण प्रामाणिक होता.

१८९६ च्या ऑगस्ट महिन्यात एक दुःखद वार्ता आली. ऑटो लिलिएंथाल हा जर्मन अभियंता, पक्ष्यांसारखे पंख बांधून टेकडीवरून तरंगत खाली येण्याचे प्रयोग अनेक वर्षे करीत होता. अशी सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने केली होती. एके दिवशी वाऱ्याच्या झोताने त्याचा तोल गेला. तो सुमारे पन्नास फुटांवरून खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्या सुमारास ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता आणि विल्बर त्याच्या उशाशी बसून असे. लिलिएंथालच्या मरणाने त्याच्या मनातील जुना प्रश्न जागा झाला. दोन हजार वेळा जो सुखरूप उतरला, तो एका क्षणी का पडला? विल्बरने घरातील कपाटातून प्राण्यांच्या हालचालींविषयीचा एक ग्रंथ काढून वाचला. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात शोध घेतला. परंतु मानवी उड्डाणाविषयी तेथे फारसे काही नव्हते. तो काळच असा होता, की उडण्याची भाषा करणाऱ्या माणसाला लोक वेडा समजत.

विल्बर निराश झाला नाही. जे आपल्या गावात नाही, ते दुसरीकडे असेल, असा त्याने विचार केला. ३० मे १८९९ रोजी त्याने राजधानी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस एक पत्र लिहिले. आपण विक्षिप्त मनुष्य नसून या विषयाचे अभ्यासक आहोत. आजवर जे ज्ञात झाले आहे ते सर्व वाचावे आणि मग आपल्याकडून होईल तेवढी भर घालावी, अशी आपली इच्छा आहे, या आशयाचा त्यात मजकूर होता. एका अनोळखी सायकलविक्याच्या या पत्राची संस्थेने उपेक्षा केली नाही. काही दिवसांतच चार पुस्तिका आणि ग्रंथांची एक यादी त्याच्या हाती आली.

त्या टपालात केवढे धन होते! एका पुस्तिकेत लिलिएंथालचे अनुभव त्याच्याच लेखणीतून उतरले होते. दुसरी मुइयार या फ्रेंच लेखकाची होती. त्याने मिसर देशात राहून गिधाडांच्या उड्डाणाचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले होते. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँगली यांनी आपल्या यांत्रिक उड्डाणाची हकीकत दिली होती. यादीतील ग्रंथांत ऑक्टेव्ह शनूट या अभियंत्याचा एक ग्रंथ होता. जगभर आजवर झालेल्या उड्डाणप्रयत्नांची माहिती शनूट याने प्रथम रेल्वे व अभियांत्रिकी या विषयांच्या एका मासिकातून क्रमशः दिली होती आणि १८९४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. याखेरीज बोस्टन शहरातून जेम्स मीन्स याने काढलेल्या विमानविद्याविषयक वार्षिकाचे १८९५, १८९६ आणि १८९७ चे तीन अंक होते. ठिकठिकाणी विखुरलेले ज्ञान या अंकांनी एका जागी आणले होते.

दोघा भावांनी हे सर्व साहित्य बारकाईने वाचले. वाचताना विल्बरची दृष्टी वेगळी होती. कोणी काय साधले, एवढेच तो पाहत नसे. कोण कोठे थांबला आणि का थांबला, हेही तो पाही. उड्डाणास तीन गोष्टी लागतात : भार उचलणारे पंख, पुढे नेणारे यंत्र आणि तोल सांभाळण्याची युक्ती. पहिल्या दोहोंवर अनेकांनी श्रम केले होते. तिसरीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष झाले होते. लिलिएंथाल केवळ आपले शरीर इकडेतिकडे झुलवून तोल सांभाळी आणि तेवढ्याने भागले नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चर हा तरुणही अशाच प्रयोगात प्राणास मुकला. सायकल उभी राहते ती स्वार तिला प्रतिक्षणी सावरतो म्हणून, हे विल्बरला धंद्यातून ठाऊक होते. विमानही तसेच सावरावे लागेल, हे त्याने ओळखले.

पक्षी पंखांची टोके पिळून तोल सावरतात, हे त्याने पाहिले होते. पण लाकडी पंख पिळावेत कसे? एके दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सायकलच्या ट्यूबची रिकामी पुठ्ठ्याची पेटी तो सहज हातात पिळीत होता. पेटीची दोन टोके परस्परविरुद्ध दिशांना वळली, तरी पेटी मोडली नाही. त्याला हवी ती युक्ती सापडली. एकावर एक असे दोन पंख बसवून दोऱ्यांच्या साह्याने त्यांची टोके पिळता येतील, असा एक मोठा पतंग त्याने बांधला. ऑगस्ट १८९९ मध्ये तो उडवून पाहिला, तेव्हा युक्ती खरी ठरली.

पुढील वर्षी विल्बरने शनूट यास पत्र लिहिले. त्या वयोवृद्ध अभियंत्याने त्याला आपुलकीने उत्तर दिले आणि पुढे उभयतांमध्ये शेकडो पत्रांची देवघेव झाली. प्रयोगांसाठी जोराचा वारा आणि मऊ वाळू हवी होती. सरकारी हवामानखात्याच्या नोंदी चाळून दोघा भावांनी उत्तर कॅरोलायना राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील किटी हॉक हे दूरचे खेडे निवडले. १९०० साली तेथे त्यांनी आपले पहिले ग्लायडर, म्हणजे यंत्रावाचून तरंगणारे विमान, उडवून पाहिले. १९०१ च्या जुलै महिन्यात विल्बरचा एक लेख लंडनच्या विमानविद्याविषयक नियतकालिकात आणि दुसरा एका जर्मन नियतकालिकात छापून आला. दोन वर्षांपूर्वी पुस्तिका मागणारा वाचक आता लेखक झाला होता.

परंतु त्याच उन्हाळ्यात त्याच्यावर मोठे संकट ओढवले. नव्या, मोठ्या ग्लायडरचे पंख पुस्तकांतील कोष्टकांप्रमाणे अचूक बांधले होते. किती वाऱ्यात ते किती भार उचलतील, याचे गणित मांडले होते. प्रत्यक्षात त्यांनी अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश भार उचलला. तोल सावरतानाही विपरीत अनुभव येऊ लागले. परतीच्या प्रवासात विल्बर अत्यंत खिन्न होता. आपल्या हयातीत मनुष्य काही उडत नाही, असे तो त्या वेळी बोलून गेला. ज्या पुस्तकांचे बोट धरून तो इथवर आला होता, त्यांनीच दगा दिला होता. आता पुस्तकांवर विश्वास ठेवावा, की स्वतःच्या डोळ्यांवर?

शनूट याने त्याला शिकागोच्या अभियंत्यांपुढे व्याख्यान देण्याचे निमंत्रण दिले. विल्बर कचरत होता. परंतु बहीण कॅथरिन हिने फारच आग्रह धरल्यामुळे तो गेला. १८ सप्टेंबर १९०१ रोजी त्याने आपले अनुभव, यश आणि अपयश दोन्ही, मोकळेपणाने मांडले. हे व्याख्यान त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि दूरदूरच्या अभ्यासकांनी ते वाचले.

त्यानंतर भावांनी पुस्तके टाकूनही दिली नाहीत आणि डोळे झाकून मानलीही नाहीत. त्यांनी ती तपासून पाहण्याचे ठरविले. सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार करून तिच्या एका टोकाला त्यांनी पंखा बसविला. अशा साधनाला वायुबोगदा म्हणतात. पेटीत वाऱ्याचा झोत सोडायचा आणि त्यात पत्र्याचे चिमुकले पंख ठेवून त्यांची उचल मोजायची. मोजण्याचा काटा त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकांच्या तारा यांतून बनविला. अशा सुमारे दोनशे नमुन्यांची परीक्षा त्यांनी केली. तेव्हा एक आश्चर्य उघड झाले. विल्बरचा संशय लिलिएंथालच्या कोष्टकांवर होता. परंतु ती बव्हंशी बरोबर निघाली. चूक होती ती शंभराहून अधिक वर्षे सर्वांनी निमूटपणे वापरलेल्या वाऱ्याच्या दाबाच्या एका जुन्या आकड्यात. तो वाजवीपेक्षा बराच मोठा होता. एकाच्या माथी बसू पाहणारा दोष मोजमापाने दूर झाला आणि खरी चूक सापडली.

नव्या मोजमापांवर बांधलेल्या १९०२ च्या ग्लायडरने शेकडो उड्डाणे केली. तोल सावरण्याची विद्या आता हस्तगत झाली होती. राहिले होते यंत्र आणि ते पुढे ढकलणारे पंखे. दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तींचे हलके इंजिन तयार केले. पंख्यांसाठी विल्बरने पुन्हा डेटनचे ग्रंथालय गाठले. जहाजांच्या पंख्यांवर पुस्तके होती. परंतु पंखा असाच का असावा, याचे शास्त्र त्यांत नव्हते. ग्रंथालयातून या वेळी उत्तर मिळाले नाही. आपल्याला ते स्वतःच शोधावे लागणार, एवढे मात्र निश्चित कळले. कित्येक आठवडे वादविवाद आणि आकडेमोड करून भावांनी ते शास्त्र स्वतः घडविले.

१९०३ च्या डिसेंबरमध्ये ते किटी हॉकजवळच्या वाळवंटात सज्ज झाले. त्याच महिन्यात, सरकारी द्रव्यसाह्य लाभलेल्या लँगली यांचे यंत्र दुसऱ्यांदा नदीत कोसळले होते आणि वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा आरंभिली होती. १४ डिसेंबरला विल्बरने पहिला प्रयत्न केला. विमान क्षणभर उचलले गेले आणि खाली आले. दुरुस्तीत दोन दिवस गेले. १७ डिसेंबर रोजी बोचऱ्या वाऱ्यात, पाच साक्षीदारांसमक्ष, ऑर्व्हिलने बारा सेकंद उड्डाण करून १२० फूट अंतर काटले. त्या दिवसाचे चौथे उड्डाण विल्बरचे होते. तो ५९ सेकंद हवेत राहिला आणि ८५२ फूट गेला. यंत्राच्या बळावर मनुष्य उडाला होता, आणि स्वतःच्या इच्छेने विमान चालवीत उडाला होता.

जगाला मात्र हे पटण्यास फार दिवस लागले. भाऊ डेटनजवळच्या कुरणात प्रयोग करीत राहिले. २० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बरने आकाशात पहिले पूर्ण वर्तुळ काढले. ते पाहणाऱ्यांत मधमाश्या पाळण्याच्या व्यवसायातील एक गृहस्थ, एमॉस रूट, होते. मधमाश्यांविषयीचे एक नियतकालिक ते चालवीत. १ जानेवारी १९०५ च्या अंकात त्यांनी या उड्डाणाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन छापले. नामांकित वृत्तपत्रे गप्प असताना विमानयुगाची ही पहाट मधमाश्यांच्या एका साध्या नियतकालिकाने टिपली! विज्ञानविषयक एका प्रतिष्ठित अमेरिकन साप्ताहिकाने तर १९०६ च्या आरंभी राईट बंधूंविषयी उघड अविश्वास दाखविला होता. पुढे साक्षीदारांना पत्रे पाठवून त्याने चौकशी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपले मत बदलून त्यांचे यश मान्य केले.

८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँ या शहराजवळ विल्बरने हजारो शंकेखोरांचे तोंड बंद केले. ते उड्डाण दोन मिनिटांहूनही कमी वेळाचे होते. परंतु विमानाने घेतलेली डौलदार वळणे पाहून तेथील विमानतज्ज्ञ थक्क झाले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो दोन तासांहून अधिक काळ हवेत राहिला. राजेरजवाडे त्याच्या भेटीस आले. तथापि त्याची राहणी साधी आणि बोलणे मोजके, ते तसेच राहिले.

पुढील वर्षे सुखाची गेली नाहीत. आपल्या शोधाचे हक्क सांभाळण्यासाठी भावांना न्यायालयात झगडावे लागले. ज्या हातांनी नवी विमाने बांधायची, ते कागदपत्रांत गुंतून पडले. १९१२ च्या मे महिन्यात विल्बरला विषमज्वर झाला आणि ३० मे रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने जगाचा निरोप घेतला. वॉशिंग्टनला पाठविलेल्या त्या पत्रास त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे पूर्ण झाली होती.

आज जळगावजवळ विमानतळ आहे आणि धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे. शेतात काम करणारा शेतकरी विमानाचा आवाज ऐकून क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा कामाला लागतो, इतके ते परिचयाचे झाले आहे. त्या आवाजामागे विल्बर राईटची साधना आहे. आणि त्याच्याही मागे, आपले अनुभव आणि आपल्या चुका प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे लिलिएंथाल, मुइयार, शनूट यांच्यासारखे अनेक जण आहेत. त्यांनी लिहिले नसते, तर विल्बरला आरंभापासून आरंभ करावा लागला असता. आणि विल्बरने त्यांचे लिहिणे पारखून घेतले नसते, तर तोही त्यांच्याच पायरीवर थांबला असता. पूर्वजांनी लिहिलेले आदराने वाचावे, वाचलेले स्वतः तपासावे आणि जे नवे सापडेल, ते पुढच्यांसाठी लिहून ठेवावे, हाच ज्ञानाचा मार्ग होय. ग्रंथालयाच्या मेजावर पडलेल्या एखाद्या जुन्या अंकातूनही तो सुरू होतो.